सव्वानऊ रुपयांतला एक रुपया

सकाळी घंटागाडीवर उभ्या असलेल्या सफाई कामगाराच्या हातातले मोजे कधी निरखून पाहिले आहेत का? फुटकी काच, गंजलेला पत्रा, वापरून फेकलेल्या सुया यांपासून हात वाचावेत म्हणून ते असतात. रबरी हातमोजे बनवण्यात मलेशिया जगात सर्वांत पुढे. तिथल्या कारखान्यांत नेपाळ आणि बांगलादेशातले तरुण काम करतात. ही नोकरी मिळवायला अनेकांनी दलालाला मोठी रक्कम मोजलेली असते, तीही कर्ज काढून. जुलै २०२० मध्ये, करोनामुळे साऱ्या जगाला हातमोज्यांची कधी नव्हे एवढी गरज असताना, अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने टॉप ग्लोव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या हातमोजे कंपनीचा माल बंदरावरच अडवला. कारण होते सक्तीची मजुरी. पुढे कंपनीने दलालीपोटी गेलेले पैसे कामगारांना परत केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. एका कामगाराचा हात वाचवणारी वस्तू दुसऱ्या कामगाराचे हात बांधून तयार झालेली असू शकते, हे त्या वेळी जगाने पाहिले.

कचरा गोळा करणाऱ्या कंपनीच्या मागेपुढे अशी किती माणसे उभी आहेत, हे मोजायला बसले की थक्क व्हायला होते. गणवेशाचा कापूस कुणीतरी वेचलेला असतो. गमबूट, झाडू, बांबूच्या टोपल्या कुणाच्या तरी हातून आलेल्या असतात. गाडीत पडलेले प्लॅस्टिक, पुठ्ठा आणि लोखंड भंगारवाल्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्याच्या भट्टीकडे जाते. या दोन टोकांच्या मध्ये माणसे पुरवणारा कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार आणि मुकादम. जितके हात बदलतात, तितका शेवटचा माणूस पहिल्या मालकाच्या नजरेआड जातो.

श्रीमंत देशही याला अपवाद नाहीत. ब्रिटनमध्ये वेस्ट मिडलँड्स भागातल्या एका टोळीला २०१९ साली न्यायालयाने दोषी ठरवले. पोलंडमधल्या चारशेहून अधिक गरजूंना चांगल्या कामाचे आमिष दाखवून या टोळीने आणले होते. शेते, कारखाने आणि कचऱ्याची पुनर्प्रक्रिया केंद्रे इथे त्यांना राबवले गेले आणि मजुरी टोळीच्या खिशात गेली. पुनर्प्रक्रिया करणारे व्यवसाय कायदेशीर होते. मात्र कामावर येणारा माणूस संध्याकाळी कुठे जातो, त्याचा पगार कुणाच्या खात्यात जमा होतो, हे कुणी विचारले नव्हते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत. त्यांच्या पायांत बेड्या नसतात. ही स्थिती ओळखण्यासाठी संघटनेने अकरा खुणा सांगितल्या आहेत. थकवलेली मजुरी, काढून घेतलेली ओळखपत्रे, न फिटणारे कर्ज, धमक्या, फसवणूक, हिंडण्याफिरण्यावर बंधन, बेसुमार जादा काम या त्यांतल्या काही. वीटभट्टीची किंवा ऊसतोडीची ‘उचल’, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, माहीत असणाऱ्या महाराष्ट्राला यातले फारसे काही परके वाटणार नाही.

या साऱ्याकडे पाहण्याची एक विलक्षण दृष्टी आपल्याच देशातल्या एका निकालाने दिली आहे. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामे जोरात सुरू होती. मजुरांसाठी किमान वेतन ठरले होते रोज सव्वानऊ रुपये. कंत्राटदार ही रक्कम मजूर आणणाऱ्या जमादारांच्या हाती देत आणि जमादार त्यातला एक रुपया कापून सव्वाआठ रुपये मजुराला देत. मजुरांच्या स्थितीचा अहवाल सोबत जोडून एका नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल दिला.

राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, बिगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई केली आहे. सक्ती म्हणजे काय, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि गरिबी माणसापुढे दुसरा मार्गच ठेवत नाहीत, तेव्हा तीही सक्तीच. किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल, तर ती सक्तीची मजुरी होय. हा हक्क सरकारइतकाच खासगी मालकाविरुद्धही मागता येतो. एका रुपयाच्या कपातीत न्यायालयाला थेट घटनेचा भंग दिसला!

त्याआधी १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला होता. त्यातले एक कलम वाचताना आजही अचंबा वाटतो. एरवी न्यायालयात दावा करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. इथे मजुराने ‘हे कर्ज वेठबिगारीचे आहे’ म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. वेठबिगारीचे कर्ज कायद्यानेच संपते, ते फेडावे लागत नाही. या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असते आणि जिल्हादंडाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. म्हणजे, उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्यात ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे येते.

गोंदियाचे नाव इथे केवळ उदाहरणापुरते घेतलेले नाही. मधल्या माणसांच्या आड मालक कसा दिसेनासा होतो, हे या भागाने बिडीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. भोवतालच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि हाताशी रेल्वेचे जंक्शन, यांवर इथे बिडी उद्योग वाढला. मालक तंबाखू आणि पाने सट्टेदाराला देई. सट्टेदार ती गावोगाव वाटे, घरोघरी बाया बिड्या वळत आणि तयार बिड्या सट्टेदारामार्फत मालकाकडे परत येत. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. बाई मालकाला कधी पाहत नसे, मालकाच्या वहीत तिचे नाव नसे. १९५८ मध्ये मध्य प्रदेशातले असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्यांना आणि त्यांच्या माणसांना कारखान्याचे कामगार म्हणता येणार नाही, असा निकाल लागला. त्या वेळच्या कायद्याच्या चौकटीत ही माणसे बसतच नव्हती.

मग चौकटच बदलली. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले. कच्चा माल मालकाने दिलेला असो की कंत्राटदाराने, फरक पडत नाही. ज्याच्यासाठी काम चालते, तो मुख्य मालक. मालकांनी या कायद्याला आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हाच विचार आणखी पुढे नेला. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती भरायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत, तरी कंत्राटदाराने बुडवलेल्या मजुरीसाठी मुख्य मालकाला जबाबदार धरण्याचे तत्त्व तिथेही टिकून आहे.

कचऱ्याच्या कामात याच तत्त्वाची कसोटी मुंबईत लागली. महापालिकेसाठी कचरा उचलणारे हजारो कामगार कंत्राटावर होते. त्यांतल्या अनेकांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला ‘मानधन’. स्वयंसेवकाला किमान वेतन लागू होत नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी सुटी नाही. मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई रस्त्यावर आणि न्यायालयात लढली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांच्या बाजूने कौल दिला. मध्ये प्रकरण उच्च न्यायालयातही गेले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नोकरीत कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकामुळे अनेकांचे हक्क अडकून पडले. एका अक्षराच्या चुकीने माणूस कायम नोकरीबाहेर राहू शकतो. हजेरीपट नीट ठेवणे किती मोलाचे, हे यावरून कळते.

पुण्याने दुसरा मार्ग दाखवला. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायांनी ओळखपत्रे मिळवली आणि २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा घेणाऱ्या बायाच संस्थेच्या सभासद, म्हणजे मालकही त्याच. खुद्द गोंदियाच्या जंगलातही याला समांतर गोष्ट घडली आहे. वनहक्क कायद्याने मिळालेल्या सामूहिक हक्काच्या बळावर गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी २०१३ पासून तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. पाने तोडणाराच विकणारा झाला, की मधल्या माणसाला कापून घ्यायला जागा उरत नाही.

नगर परिषद असो वा कचरा उचलणारी कंपनी, तिला गुलामगिरी रोखायची असेल तर काय करावे लागेल, हे या साऱ्या अनुभवांतून लख्ख दिसते. शेवटच्या माणसाचे नाव वहीत असले पाहिजे. मजुरी त्याच्याच खात्यात गेली पाहिजे आणि एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असले पाहिजे, कारण आजकाल पगार खात्यात जमा होतो आणि कार्ड मुकादमाकडे राहते, असेही घडते. काम देण्यासाठी कुणी त्याच्याकडून पैसे घेतले का, हे त्याला एकांतात, त्याच्या भाषेत विचारले पाहिजे. आधार कार्ड कुणी ठेवून घेतले असेल तर ते त्याच दिवशी परत मिळाले पाहिजे. हातमोजे, गणवेश, झाडू घेताना पुरवठादारालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निविदेतला दर. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीचा खर्चही ज्या दरात भागत नाही, तो दर स्वीकारणाऱ्याने मजुराचा रुपया आधीच कापलेला असतो.

आपण गोंदियाचे असा, तिरोड्याचे असा की देवरीचे, आपल्या दारातला कचरा कोण नेतो आणि त्याला किती मजुरी मिळते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करून नगर परिषदेकडे कंत्राटाची प्रत, वेतनपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याची माहिती मागता येते. मजुरी ठरल्याहून कमी दिसली तर कामगार आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करा, आणि कर्जापोटी कुणाला डांबून राबवले जात असल्याचा संशय आला तर थेट जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. १९८२ मध्ये एका पत्रामुळे सक्तीच्या मजुरीचा कायद्यातला अर्थ बदलला होता. तुमचा अर्ज एखाद्या माणसाचा रुपया नक्की परत मिळवून देऊ शकतो.