आयोचा धूर, गुरूचा उजेड

पृथ्वीवरचा ध्रुवीय प्रकाश सूर्याच्या मर्जीवर चालतो. सौरवाऱ्याचा जोर वाढला की नॉर्वे-आइसलँडचं आकाश हिरवं होतं, तो ओसरला की प्रकाशही मंदावतो. गुरूच्या ध्रुवांभोवतीचं प्रकाशाचं कडं मात्र सूर्य शांत असतानाही तेवतच राहतं. सौरवाऱ्याचा त्यावर परिणाम होतो, नाही असं नाही. पण मुख्य इंधन घरचं आहे.

ते येतं आयोकडून. आपल्या चंद्राहून किंचित मोठा असलेला हा उपग्रह गुरूपासून सुमारे सव्वाचार लाख किलोमीटरवर फिरतो. गुरू आणि शेजारचे मोठे चंद्र त्याला सतत ओढतात, पिळतात; त्यात त्याचं पोट तापतं. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ने पाठवलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर धुराचा फुगा दिसला आणि तिथल्या जागत्या ज्वालामुखींचा पत्ता लागला. त्यांच्या सल्फर डायऑक्साइडमुळे आयोला विरळ वातावरण मिळतं. त्यातला साधारण एक टन माल दर सेकंदाला आयोच्या हातून निसटतो.

निसटेपर्यंत तो साधा वायू असतो. मग एखादा वेगवान इलेक्ट्रॉन येऊन आदळतो, अणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे विद्युतभारित गंधक किंवा ऑक्सिजन उरतो. इथून सूत्रं गुरूच्या चुंबकाकडे जातात. हा चुंबक पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे वीस हजार पट ताकदवान आहे, आणि तो ग्रहाबरोबर दहा तासांच्या आत एक फेरी मारतो. आयोच्या अंतरावर या फेरीचा वेग सेकंदाला ७४ किलोमीटर पडतो. आयो स्वतः जेमतेम १७ने चालतो. भार आलेला कण क्षणात या वेगवान फेऱ्यात ओढला जातो. असे कण साठून आयोच्या कक्षेभोवती प्लाझ्माचं जाडजूड कडं तयार झालं आहे.

कडं भरत जातं तसा माल हळूहळू बाहेर झिरपतो. आणि खरी गंमत इथे आहे. केंद्रापासून जितकं लांब, तितकं ग्रहाच्या बरोबरीने फिरायला जास्त वेगाने पळावं लागतं. हा वेग गुरू चुंबकीय रेषांमार्फत पुरवतो, पिठाच्या गिरणीत मोटर पट्ट्यामार्फत जातं फिरवते तसा. गुरूच्या त्रिज्येच्या वीस-तीस पट अंतरावर भार इतका होतो की पट्टा घसरू लागतो. प्लाझ्मा मागे पडतो, रेषा वाकतात, आणि त्याला पुढे रेटण्यासाठी ग्रह आणि प्लाझ्मा यांच्यामध्ये प्रचंड वीजप्रवाह सुरू होतो. जिथे हा प्रवाह ग्रहातून वर निघतो तिथे इलेक्ट्रॉन उलट दिशेने, म्हणजे खाली, वातावरणातल्या हायड्रोजनवर कोसळतात. ध्रुवाभोवतीचं मुख्य कडं ते हेच.

निदान पाठ्यपुस्तकातलं चित्र असं होतं. जुलै २०१६ मध्ये जूनो यान गुरूच्या ध्रुवीय कक्षेत पोचलं आणि थेट प्रकाशाच्या वरून गेलं. चार लाख व्होल्टपर्यंतचा विद्युतदाब सापडला. पण सर्वांत प्रखर उजेडाच्या जागी मात्र इलेक्ट्रॉन वर-खाली दोन्हीकडे धावताना दिसले. म्हणजे तिथे सरळ व्होल्टेजपेक्षा प्लाझ्मातल्या खळबळत्या लाटा त्यांना वेग देत असाव्यात. वाद अजून मिटलेला नाही.

मुख्य कड्याबाहेर एक सुटा ठिपका दिसतो: आयोची पाऊलखूण. आयोला स्पर्शून जाणाऱ्या चुंबकीय रेषा जिथे गुरूच्या वातावरणात उतरतात, तिथे तो चमकतो आणि आयोबरोबर सरकतो. त्याची शेपटी मागे नव्हे, पुढे पसरते, कारण प्लाझ्मा आयोला ओलांडून पुढे जातो. शेजारच्या गॅनिमीड आणि युरोपा या चंद्रांचेही असे ठिपके आहेत. हा उजेड बहुतांशी अतिनील आणि अवरक्त असल्याने नुसत्या डोळ्यांना ही शोभा दिसत नाही. छायाचित्रांतला निळा रंग भरलेला असतो. गुरूचं हे वीजकारण प्रथम कानांवर आलं. १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन या शास्त्रज्ञांनी मेरीलँडमध्ये २२ मेगाहर्ट्झवर गुरूची खरखर टिपली, आणि १९६४ मध्ये बिग यांनी तिचा संबंध आयोच्या जागेशी जोडला.

शनीकडे आयोचं काम त्याचा चंद्र एन्सेलेडस करतो, ज्वालामुखीऐवजी पाण्याच्या वाफेने. युरेनस आणि नेपच्यूनचं प्रकरण वाकडं, अक्षरशः. युरेनसचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षाशी ५९ अंश कललेला आहे, नेपच्यूनचा ४७. त्यामुळे तिथे प्रकाश ध्रुवांना सोडून भलतीकडेच उमटतो. नेपच्यूनचा तर २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने पाहिल्यावरच नीट हाती लागला.

युरेनसवर मात्र या प्रकाशाचा एक उपयोग झाला. त्याला खूण म्हणून धरावा असा घट्ट पृष्ठभाग नाही, म्हणून त्याचा दिवस १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ने रेडिओ आणि चुंबकीय मापनांवरून ठरवला, आणि त्यात अर्ध्या मिनिटाची चूक शक्य होती. दर फेरीला तेवढी चूक साठत गेल्यावर दोन-तीन वर्षांतच युरेनसचा चुंबकीय ध्रुव कुठल्या बाजूला आहे हे सांगता येईना. हबल दुर्बिणीने वर्षानुवर्षं टिपलेल्या तिथल्या ध्रुवीय प्रकाशाचा माग काढून २०२५ मध्ये नवा आकडा आला: १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंद, जुन्यापेक्षा २८ सेकंदांनी जास्त.