वाटेतच झिरपणारा पैसा

परदेशी राबणाऱ्यांनी घरी धाडलेल्या पैशांवरचा खर्च १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायचा, तोही पाच वर्षांत, असं जी-८ राष्ट्रांनी जुलै २००९मध्ये इटलीतल्या लाक्विला इथे ठरवलं. मुदत उलटली, आकडा हुकला. २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याहून कडक उद्दिष्ट ठेवलं: २०३०पर्यंत ३ टक्क्यांच्या आत. पण जागतिक बँकेच्या मोजणीनुसार २०२३मध्येही सरासरी ६ टक्क्यांच्या वरच होती. २०० डॉलर पाठवले, तर १२हून अधिक वाटेतच गेले. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला तर याहून जास्त. जिथे गरज मोठी, तिथेच कात्री मोठी, हे संतापजनक आहे. या खर्चातलं शुल्क निदान पावतीवर दिसतं. विनिमय दरात कापलेले पैसे मात्र पाठवणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाहीत.