लहानांच्या सॉकरमधील नियम आणि पंच

फुटबॉलचे 17 नियम जगभर एकच असले, तरी मैदानाचा आकार आणि चेंडूचे माप यांसारख्या गोष्टी मुलांच्या वयानुसार बदलण्याची मुभा त्या नियमांतच आहे. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने तिचा उपयोग 2017मध्ये देशभर केला. तेथे 10 वर्षांखालील गटात संघ सात-सात जणांचे असतात आणि मैदानाच्या प्रत्येक अर्ध्या भागात पेनल्टी क्षेत्र व मध्यरेषा यांच्या मधोमध एक जादा रेषा आखलेली असते. गोलरक्षकाने चेंडू हातात घेतला की प्रतिस्पर्ध्यांना या रेषेमागे जावे लागते, आणि गोलरक्षकालाही तो हातातून सोडून लांब लाथाडता येत नसल्याने सहकाऱ्याकडे फेकावा, घरंगळत सोडावा किंवा जमिनीवर ठेवून द्यावा लागतो. दडपणाविना खेळ रचायला शिकवणारा याहून नेमका उपाय क्वचितच सापडेल.

मेंदूच्या इजेच्या चिंतेतून या वयात चेंडू डोक्याने मारण्यासही मनाई असून, तो मुद्दाम तसा मारल्यास समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे ज्यातून थेट गोल धरला जात नाही असा फटका, मिळतो. मात्र ‘मुद्दाम’ कशाला म्हणावे हे पंचाने क्षणार्धात ठरवायचे असते, आणि हौशी लीगमध्ये शिट्टी पुष्कळदा शाळकरी वयाच्या मुलामुलींच्याच हाती असते. त्यांच्यावर सीमारेषेबाहेरून प्रौढ पालकांनी ओरडणे सर्वस्वी असमर्थनीय आहे, कारण त्यामुळेच अनेक होतकरू पंच लवकर मैदान सोडतात.