मुंबई की पुणे? आमच्या ओसरीवरची कबड्डी

आज बचतीचं, कर्जाचं काही बोलणार नाही. आज कबड्डीचं बोलू.

आपलं मावळ मुंबई आणि पुण्याच्या मधे. घरटी एखादा मुलगा पुण्याकडं कामाला, एखादी लेक मुंबईला दिलेली. त्यामुळे प्रो कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण समोरासमोर आले, की एकाच घरात दोन तट पडतात. 2014 साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या ओसरीवर हेच चाललंय. माझी जाऊ मुंबईची, म्हणून ती यू मुंबाची. मी पलटणची.

सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "नुसती झोंबाझोंबी, यात बघायचं काय?" मग त्यांना खेळ समजावून सांगितला. तुम्हीही ऐका. दोन्हीकडं सात-सात गडी. एकानं "कबड्डी कबड्डी" म्हणत पलीकडं चढाई करायची, वेळ 30 सेकंद. जितक्यांना शिवून परत येईल तितके गुण, आणि ते गडी बाद. त्याची पकड झाली तर गुण समोरच्यांना. समोर सहा किंवा जास्त गडी असताना बोनस रेषा ओलांडली तर एक गुण जादा. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर दोन गुण. सगळे बाद झाले की लोण, त्याचे दोन गुण वेगळे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणाराच बाद.

मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला, की बाहेर बसलेला एक जण परत आत येतो. हे कळल्यावर सासूबाई टीव्हीसमोरून हलेनात.

आता आठवणी. 2015 ला यू मुंबा अजिंक्य झाली, तेव्हा जावेनं शिरा केला आणि वाढताना मला मुद्दाम शेवटी वाढलं. 2018 च्या हंगामात पहिल्याच दिवशी चेन्नईत दोघांची गाठ पडली आणि सामना 32-32 असा बरोबरीत सुटला. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई त्या दिवशी मुंबईकडून पहिल्यांदा खेळला. त्या रात्री चिडवायला कोणालाच काही उरलं नाही. इराणचा फजल अत्राचली मुंबईचा खंदा गडी, तो 2022 ला पुण्याचा कर्णधार झाला. "आमचा माणूस पळवला," म्हणून जाऊ दोन दिवस कुरकुरत होती. मग 1 मार्च 2024 ला पलटणनं हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या दिवशी टाळ्या जावेनंही वाजवल्या.

पण माझी सगळ्यात लाडकी आठवण या दोघांच्या सामन्याची नाही. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी शाळेकडून कबड्डी खेळायची. आठवीत गेली तशी वडील म्हणाले, "आता पुरे." 7 ऑक्टोबर 2023 ला सकाळी चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींचा अंतिम सामना होता. आम्ही सातआठ जणी मोबाईल मधे ठेवून बसलो. पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती. समोर चिनी तैपेईचा संघ. आपण 26-25 असे एका गुणानं जिंकलो, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. मुलीचे वडील दारात उभे राहून शेवटपर्यंत बघत होते.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "खेळायला ना नाही. पण बाहेरगावी हिच्यासोबत जाणार कोण? माझा खाडा होतो." म्हणजे अडचण खेळाची नव्हतीच, सोबतीची होती. ती आम्ही गटात सोडवली. सामना असेल त्या दिवशी गटातली एकजण पाळीनं सोबत जाते, एसटीचं भाडं सगळ्या मिळून काढतो.

तुमच्या गावात अशी मुलगी असेल, तर पुढच्या बैठकीत तिचा विषय काढा. मुलींच्या मैदानाला 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद जागा लागते. दगड वेचून, माती सारखी करून फक्कीनं रेषा आखल्या की झालं. आणि तिच्या घरच्यांना विचारा, नेमकं अडतंय कुठं?

बाकी, यंदाही मी पलटणचीच. जावेला सांगू नका.