पाटीवरचे हॉटेल, पाटीबाहेरची खानावळ

मराठी माणूस ‘हॉटेलात जाऊ या’ म्हणतो तेव्हा त्याला तिथे रात्र काढायची नसते, चहा प्यायचा असतो. इंग्रजीतला मुक्कामाचा शब्द आपण खाण्याला लावला आणि तो इतका रुळला की मुक्कामाच्या जागेला ‘लॉज’ म्हणायची पाळी आली. पण हॉटेल हा बोलण्यातला शब्द झाला. मुंबईतल्या पाट्या वाचत गेले तर खानावळ, भोजनालय, उपाहारगृह, आरोग्यभुवन, बोर्डिंग, लंच होम, रेस्टॉरंट अँड स्टोअर्स, परमिट रूम अशी किती तरी नावे भेटतात. गेली वीसेक वर्षे मी ती वहीत उतरवून घेतो आहे. माझी नोकरी हिशेबखात्यातली. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. रविवारची पायपीट आणि संध्याकाळचे ग्रंथालय एवढीच साधने. या विषयात मला वाट दाखवली ती फ्रँक कॉनलन या अमेरिकन इतिहासकाराच्या ‘डायनिंग आउट इन बॉम्बे’ या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने. बाहेर जेवणे ही हौस होण्याआधी मुंबईत ती गरज होती, हे सूत्र त्यात पक्के बसले आहे. मला त्याला एक जोड द्यावीशी वाटते.

मुंबईत काय मिळत नाही, याचे आपल्याला मोठे कौतुक. उडुपी आहे, इराणी आहे, मालवणी आहे, पंजाबी, सिंधी, पारशी, चिनी आहे. या यादीकडे बोट दाखवून शहराच्या मोकळ्या मनाचा दाखला दिला जातो. माझी वही मला उलटे सांगते. ही विविधता माणसे एकत्र जेवली म्हणून आली नाही. ती एकमेकांच्या हातचे खात नव्हती, म्हणून इतकी वेगवेगळी घरे उघडावी लागली.

हे किती कडक होते हे समजायला पावाची गोष्ट पुरेशी आहे. १८४९च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर ही मंडळी तिच्यात होती. जातिभेद मोडायचा तर सुरुवात कुठून करायची? सभासद होऊ इच्छिणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे. आणि हे सारे गुप्तपणे. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विरून गेली. पाव खाल्ल्याचे उघड होणे सुशिक्षितांनाही झेपण्यासारखे नव्हते. पुण्याच्या पंचहौद मिशनमधले १८९०चे चहा प्रकरण तर सर्वांना ठाऊकच आहे. तिथे टिळक-रानड्यांसारख्यांना कपभर चहाचा जाब द्यावा लागला. पुढे त्याच पावात बटाटावडा घालून तो दादर स्टेशनबाहेर विकायला १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी सुरुवात केली असे सांगतात. परमहंस सभेपासून तिथवर येईतो शंभरावर वर्षे गेली. अंतर मात्र दोनचार मैलांचेच.

या शंभर वर्षांत मुंबईत बाहेर जेवणारा माणूस कोण होता? बिऱ्हाड गावी ठेवून आलेला एकटा पुरुष. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या सूतगिरणीची उभारणी हाती घेतली आणि नंतर रत्नागिरी, सातारा भागातून माणसांची रीघ लागली. गुजरातेतून व्यापारी आणि त्यांचे गुमास्ते आले, दक्षिण कानड्यातून आचारी आले, मद्रासेकडून कारकून आले. यांतल्या बहुतेकांना दोन वेळा जेवण हवे होते आणि ते योग्य हातचे हवे होते. तेव्हा पाटीचे पहिले काम पदार्थ सांगणे हे नव्हतेच. आत चुलीशी कोण बसले आहे, हे ती सांगे. ‘हिंदू’, ‘ब्राह्मणी’ असे शब्द हॉटेलांना सर्रास जोडले जात, ते यासाठी.

हे उघड सांगायचे नसले की आडून सांगणारे शब्द होते. दादरला मामा काणे यांनी १९१०मध्ये काढलेल्या हॉटेलाचे नाव ‘स्वच्छ उपाहारगृह’. आज आपण ‘स्वच्छ’ वाचून फक्त पुसलेली टेबले डोळ्यांसमोर आणतो. १८९६च्या प्लेगनंतरच्या मुंबईत तो अर्थ होताच, आणि ‘आरोग्यभुवन’ या नावामागेही मला तीच भीती दिसते. पण शुद्ध-अशुद्धाचे जुने भान त्याच शब्दात सुखाने राहू शकत होते. गिऱ्हाइकाने हवा तो अर्थ घ्यावा. एका शब्दात दोन गिऱ्हाइके सांभाळणारी ही व्यापारी मराठी मला फार हुशार वाटते.

माटुंग्याला स्टेशनसमोर ए. रामा नायक यांचे ‘उडिपी श्री कृष्ण बोर्डिंग’ आहे, १९४२चे. इथल्या ‘बोर्डिंग’चा राहण्याशी संबंध नाही, महिन्याच्या हिशेबाने जेवणे असा त्याचा अर्थ. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, आणि पान ज्याचे त्याचे. उडुपीच्या कृष्णमठाच्या परिसरातले हे सोवळ्यातले स्वयंपाकघर मुंबईत आले आणि त्याने एक वेगळीच कामगिरी केली. चुलीशी ब्राह्मण आचारी आहे म्हटल्यावर कुठल्याही जातीच्या हिंदूला तिथे खायला हरकत राहिली नाही, कारण वरच्याच्या हातचे चालते, हा नियम. म्हणजे उडुपी हॉटेल सर्वांना चालले ते नियम मोडून नव्हे, तो तंतोतंत पाळून. पुढे मालकी मोठ्या प्रमाणावर बंट समाजाकडे, शेट्टींकडे गेली, तोवर लोक विचारायचे थांबले होते. दिवसा टेबले पुसणारी आणि रात्री कानडी रात्रशाळेत बसणारी त्या भागातली मुले हा या हॉटेलांचा दुसरा इतिहास आहे. तो खरे तर कानडीत लिहिला जायला हवा.

लंच होम म्हणजे कचेऱ्यांच्या भागात दुपारचा भात-मासा वाढणारी जागा; त्यावर जास्त काही सांगण्यासारखे नाही. परमिट रूम हे दारूबंदीचे अपत्य. १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा आणि मग परवान्यावर पिण्याची सोय. पाटी अजून टिकली आहे, परमिट कुणी मागत नाही.

इराणी मात्र या सगळ्यांहून वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द, केरमान भागातून आलेल्या या लोकांनी मुंबईच्या नाक्यांवर दुकाने थाटली. धोबी तलावाचे कयानी १९०४चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३चे. हिंदू व्यापाऱ्यांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सर्वत्र छापलेले असते. मी ते फारसे मनावर घेत नाही. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक येते, दोन्हीकडून वारा येतो, ट्राममधून दुकान दिसते. हे कळायला शुभाशुभ लागत नाही. महत्त्वाचे वेगळेच आहे. इराण्याकडे कुणाची चूल सांभाळायची नव्हती. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून-मस्का आणि चहा. कोण कुणाशेजारी बसला हे तो बघत नसे. किती वेळ बसला हे मात्र बघे. केस विंचरू नका, गप्पा मारत बसू नका, या त्याच्या सूचनांवर निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. सूचनांच्या त्या यादीत जात नव्हती, ही गोष्ट कवितेत यायची गरज नव्हती. इतिहासात यायला हवी. ‘अँड स्टोअर्स’मुळे साबण, अंडी, काडेपेटी घ्यायला बाईमाणूसही येई, आणि फॅमिली रूमच्या पडद्याआड बसून चहा घेई. एकटीदुकटी बाई बाहेर बसून खाऊ शकेल अशा मुंबईतल्या पहिल्या जागांमध्ये या रूमची गणना केली पाहिजे.

ब्रिटानिया निघाले त्याच १९२३ साली भेंडी बाजारात नूर मोहम्मदी निघाले. एकीकडे साहेबी कचेऱ्यांसाठी विलायती धर्तीचे जेवण (बेरी पुलाव फार नंतरचा), दुसरीकडे नळी निहारी. निहारी म्हणजे मुळात सकाळचे खाणे, रात्रभर शिजत ठेवलेले, कष्टाच्या कामाला निघण्याआधीचे. दोन्ही जागा चालत जाण्याच्या अंतरात. एकाचे गिऱ्हाईक दुसरीकडे जेवले असेल का, हा प्रश्न मी दोन्ही ठिकाणी बसून स्वतःला विचारला आहे.

या साऱ्यावर कायद्याला बोलावे लागले. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग नीट वाचावा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, असे तिथे आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते त्याच ओघात पुढे येतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. तळे आणि हॉटेल घटनेत एकाच कलमात शेजारी बसले ते उगीच नाही. पुढे १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने आणखी बारकाईने बघितले आणि उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. कायद्याला कपबशीपर्यंत उतरावे लागले, कारण दारातून आत घेऊन वेगळा कप देण्याची युक्ती देशभर माहीत होती.

इथवर मी पाट्यांवरून बोललो. पण मुंबईत सर्वांत जास्त माणसे जिथे बाहेर जेवली, तिथे पाटीच नव्हती. गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने राहणारे गडी त्याच चाळीतल्या किंवा शेजारच्या चाळीतल्या बाईकडे महिन्यावर जेवत. त्यालाही खानावळच म्हणत. बहुधा ती बाई त्याच गावची, त्याच जातीची. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, पाळीच्या वेळा सांभाळून डबे द्यायचे, पगाराच्या दिवशी खाडे वजा करून पैसे घ्यायचे. वाणसामान उधारीवर, उधारी व्याजावर. शहराच्या कापडधंद्याचे जेवण या बायकांच्या हातावर चालले होते आणि कुठल्याही डिरेक्टरीत त्यांची नोंद नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणले. मुंबईच्या हॉटेल व्यवसायाच्या इतिहासात या घटनेला एखाद्या पंचतारांकित हॉटेलाच्या उद्घाटनाइतकी तरी जागा हवी.

लालबागच्या एका चाळीत ऐंशी पार केलेल्या आजींनी मला त्यांची वही दाखवली. अक्षर त्यांचे नव्हे, मुलाचे. त्या स्वतः रेघा मारत. एका बाजूला गड्याचे नाव आणि गाव, पुढे जेवणाच्या रेघा, खाड्याला फुली. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. वहीत रेघा चालू राहतात, जमा थांबते. पुढच्या पानांवर एकेक नाव गळत जाते. माणूस गावी गेला. आजी म्हणाल्या, “ताटावर बसलेल्या पोराला संप झालाय म्हणून उठवायचं कसं, बाबा?” शेवटच्या पानावर येणे बाकीची बेरीज आहे. मी ती इथे देत नाही, त्यांनी सांगितले म्हणून.

अडीच लाखांच्या घरात कामगार त्या संपात होते. त्यांच्यामागे किती चुली थंडावल्या हे कुणी मोजले नाही. काही बायकांनी पोळीभाजी केंद्रे काढली, कुणी डबे कचेऱ्यांकडे वळवले. घरगुती मालवणी जेवणाच्या पाट्या मला मुंबईत ज्या काळात वाढताना दिसतात तो काळ बहुतांशी यानंतरचा आहे. आतल्या खोलीतली खानावळ रस्त्यावर आली आणि तेव्हा तिला पाटी लागली, असा माझा अंदाज आहे; तो तपासायला आणखी वह्या हव्यात.

फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी निर्वासितांनी आणखी एक गंमत केली. ‘कोळंबी कोळीवाडा’ हा पदार्थ कोळ्यांचा नाही. सायन-कोळीवाड्याच्या छावणीत स्थिरावलेल्या पंजाब्यांचा आहे. नाव जागेचे. आणि कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईतल्या क्रिकेट क्लबात चिकन मांचुरियन पहिल्यांदा केले असे ते सांगत. चीनमध्ये ते कुणाला ठाऊक नव्हते. असे पदार्थ कुणाच्याच चुलीचे नसल्यामुळे सर्वांचे झाले.

आज एकाच उडुपी हॉटेलाच्या मेन्यूकार्डावर डोसा, गोबी मांचुरियन, पनीर टिक्का आणि पावभाजी सुखाने नांदतात. त्याच कार्डावर ‘जैन पावभाजी’ वेगळी असते, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय. ज्या पावासाठी परमहंस सभेला गुप्त बैठकी घ्याव्या लागल्या तो पाव त्यातही निमूट आहे. दारावरचे सोवळे आत कार्डावर आले, हा बदल लहान नाही. निदान टेबल एकच आहे. पण काही पाट्यांवर ‘शुद्ध शाकाहारी’ हे शब्द हॉटेलाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात, आणि ‘शुद्ध’ हा शब्द वाचताना मला ‘स्वच्छ उपाहारगृह’ आठवते. घर भाड्याने देताना हाच शब्द वापरला जातो, हे मुंबईत घर शोधलेल्या अनेकांना सांगायला नको.

गिरण्यांच्या आवारांत आता मोठी रेस्टॉरंट आहेत. तिथल्या पाट्या मी उतरवतो, पण हल्ली माझा वेळ पाट्यांपेक्षा वह्यांच्या शोधात जातो. आतापर्यंत खानावळीच्या चार वह्या पाहायला मिळाल्या. एक वाळवीने खाल्लेली, एक पावसात भिजलेली. चाळी पाडल्या जात आहेत आणि माळ्यावरचे सामान रद्दीत जाते आहे. आपल्या आजीने किंवा आईने गिरणगावात खानावळ चालवली असेल आणि रेघांची, फुल्यांची अशी वही घरात असेल, तर वाचकांनी संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. वही द्यायची गरज नाही. मी येऊन उतरवून घेईन.