विमानातला धोका अपघाताआधीच कसा शोधतात?

परवा दिल्लीहून पुण्याला येताना विमान चांगलंच दणकन टेकलं. शेजारचे काका म्हणाले, "पायलट नवा दिसतोय!" असेलही. पण त्या दणक्याचं पुढे काय होतं, ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

बहुतेक प्रवासी विमानांत ब्लॅक बॉक्सशिवाय क्विक ॲक्सेस रेकॉर्डर असतो. वेग, उंची, फ्लॅप्स, टेकतानाचा जोर असं बरंच काही त्यात नोंदलं जातं. हा डेटा कंपनी अपघाताची वाट न बघता, रोजच्या साध्या उड्डाणांनंतरही तपासते. मर्यादा ओलांडली की सॉफ्टवेअर खूण करतं. एखाद्या वेळी वेग जास्त होता, तर समजू शकतो. पण एकाच धावपट्टीवर वेगवेगळे पायलट वारंवार जास्त वेगाने येत असतील, तर दोष बहुधा तिथल्या पद्धतीत असतो. आपल्याकडे डीजीसीएनेही कंपन्यांना ही तपासणी बंधनकारक केली आहे.

मात्र डेटा 'काय झालं' हे सांगतो, 'का झालं' हे नाही. ते माणसालाच विचारावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए कंपनीचं बोईंग ७२७ वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. कंट्रोलरने अप्रोचची परवानगी दिली. आता थेट १८०० फुटांपर्यंत उतरता येईल, असा पायलटने अर्थ घेतला. मध्ये डोंगर होता. विमानातले सगळे, ९२ जण गेले. चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. साधारण सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचं एक विमान याच गैरसमजातून, याच भागात थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या पायलटांपर्यंत ते पोचलंच नाही.

यातून १९७६ मध्ये अमेरिकेत एएसआरएस ही रिपोर्टिंग यंत्रणा सुरू झाली. ती चालवते नासा! कारण दंड करणाऱ्या एफएएकडे स्वतःहून चूक कबूल कोण करणार? नासा रिपोर्टमधली नावं काढून टाकते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि १० दिवसांत कळवली असेल, तर एफएए सहसा दंड लावत नाही. गुन्हा आणि अपघात यांना ही सवलत नाही.

यातले निवडक रिपोर्ट नासाच्या 'कॉलबॅक' या मासिक पत्रिकेत छापले जातात, पायलटांच्याच शब्दांत. फुकट आहे, मी नेमाने वाचतो. फक्त विमानात बसल्यावर वाचू नका.