उथळ कुंडीत गुदमरलेला वड

पावसाळ्याच्या दिवसांत उथळ कुंडीतील बोन्सायची, म्हणजेच वामनवृक्षाची, पाने मलूल होऊन गळू लागली की झाड तहानले आहे असे समजून त्याला आणखी पाणी घातले जाते, आणि ज्या दुखण्याने ते खंगत असते तेच दुखणे या उपचाराने पुष्कळदा बळावते. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही महाराष्ट्रात बोन्सायसाठी आवडीने घेतली जाणारी झाडे मुळात अत्यंत चिवट आहेत. जुन्या भिंतीच्या फटीत जो पिंपळ वर्षानुवर्षे तग धरतो, त्यानेच रोज पाणी मिळणाऱ्या तबकात मान टाकावी हे कोडे वाटते. परंतु फटीत पाण्याची वानवा असली तरी हवा मुबलक असते, आणि तबकात नेमकी तीच संपलेली असते.

मुळांच्या पेशींना पाणी व क्षार आत घेण्यासाठी लागणारी ऊर्जा श्वसनातून, म्हणजे पानांकडून आलेली साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळून, मिळते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की हा ऑक्सिजन मुळांपर्यंत पोहोचेनासा होतो, कारण विसरणाचा, म्हणजे वायूचे रेणू दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरण्याचा, वेग हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे १०,००० पट मंद असतो. ऑक्सिजनअभावी पेशीतील द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेमुळे पेशीपटलातील अ‍ॅक्वापोरिन, म्हणजे पाण्याला वाट देणारी प्रथिनांची दारे, मिटतात, असे फ्रान्समधील ख्रिस्तोफ मोरेल यांच्या गटाने अ‍ॅराबिडोप्सिस या प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपावर प्रयोग करून २००३ मध्ये दाखवले. योगायोग असा की अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही याच वर्षी. पाण्यात बुडालेले मूळ पाणीच घेईनासे होते आणि वरची पाने कोमेजतात, ही विसंगती अशी उलगडते.

भोके मोकळी असतानाही उथळ कुंडीत पाणी का साचते, हे समजण्यासाठी भांडी घासण्याचा स्पंज पुरेसा आहे. पूर्ण भिजवलेला स्पंज आडवा धरला तर थोडे पाणी गळून गळती थांबते. मग तो न पिळता नुसता उभा केला की त्यातून पुन्हा पाणी वाहू लागते. स्पंज तोच आणि पाणीही तेच, बदलते ती फक्त उंची. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढवणारे जे केशाकर्षण, तेच मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी तोलून धरते, आणि त्यामुळे कुंडीच्या तळाशी एक संपृक्त थर, म्हणजे सर्व पोकळ्या पाण्याने भरलेला थर, निचरा थांबल्यावरही मागे राहतो. या थराची जाडी कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसते, ती पोकळ्यांच्या रुंदीवर ठरते. १ मिलिमीटर रुंद पोकळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंत, तर ०.३ मिलिमीटरच्या पोकळीत सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत तोलले जाते. बादलीएवढ्या कुंडीत तळाचा एवढा भाग गेला तरी वर हवेशीर माती उरते, पण ५ सेंटिमीटर खोल तबकात बारीक पोयटा भरला, तर भोकापासून काठापर्यंतची सगळी मातीच तो थर होऊन बसते.

मातीतील हवा आणि पाणी यांचे हे गणित पायापासून मांडणारे एडगर बकिंगहॅम यांचे नाव बागकामाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही, आणि ही उणीव खटकावी एवढे त्यांचे काम मोठे आहे. लाइपझिग येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे शिकलेले आणि उष्मागतिकीवर पुस्तक लिहिलेले हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ १९०२ मध्ये त्यांच्या देशाच्या कृषी खात्यातील मृदा विभागात आले व अवघी चार वर्षे तेथे राहिले. मातीतील हवेची अदलाबदल मुख्यत्वे विसरणाने होते आणि हवेने भरलेल्या पोकळ्यांचे प्रमाण घटले की तिचा वेग त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो, असे त्यांनी १९०४ च्या अहवालात दाखवले. म्हणजे हवेची जागा निम्मी झाली तर मुळांना मिळणारा श्वास चौथ्या हिश्श्यावर येतो. पुढे त्यांनी मातीचे उंच स्तंभ खालचे टोक पाण्यात बुडवून कित्येक आठवडे उभे ठेवले, प्रत्येक उंचीवर किती ओल टिकते ते मोजले, आणि त्यातून केशिक विभव, म्हणजे माती पाण्याला किती जोराने धरून ठेवते याचे माप, ही संकल्पना १९०७ मध्ये मांडली. तो अहवाल छापून येईपर्यंत त्यांनी मृदा विभाग सोडलाही होता. लोरेंझो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये याच संकल्पनेवर मातीतील पाण्याच्या प्रवाहाचे समीकरण उभारले, तर स्वतः बकिंगहॅम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेत ते १९१४ च्या ‘पाय प्रमेया’मुळे, हा तोच माणूस, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

उष्ण हवामानात हा हिशेब आणखी बिघडतो. २० अंश सेल्सिअसला १ लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट तापमान १० अंशांनी वाढले की मुळांच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. जपानच्या ऋतुमानावर बेतलेले वेळापत्रक म्हणूनच येथे जसेच्या तसे चालत नाही, आणि पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत तर उघड्यावरचे तबक दिवसेंदिवस संपृक्तच राहते. (थंडीतील विश्रांतीवाचून ज्यांचे चक्र बिघडते अशी जपानी मेपलसारखी झाडे किनारपट्टीवर खंगतात, ते दुखणे निराळे आणि तेथे असाध्य आहे.)

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत या भौतिकशास्त्राशी विसंगत आहे. बारीक पोकळ्यांतील पाणी खालच्या रुंद पोकळ्यांत तेव्हाच उतरते, जेव्हा वरच्या मातीचा तळ संपृक्त झालेला असतो. त्यामुळे तळथर संपृक्त थराला हटवत नाही, उलट मुळांच्या दिशेने वर उचलतो. तेच तुकडे ३ ते ५ मिलिमीटरच्या आकाराचे चाळून, भुकटी धुऊन, संपूर्ण कुंडीभर वापरले तर मात्र त्यांचा खरा उपयोग होतो.

आजारी झाडाचा पहिला उपचार स्पंजाच्याच न्यायाने, कुंडीच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरकी करणे हा आहे, कारण त्याने पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते आणि अडलेले पाणी निघून जाते. पाणी घड्याळाप्रमाणे न घालता मातीत खोचलेली बांबूची काडी बाहेर काढून तिची ओल पाहून घालावे. मातीला आंबूस किंवा कुजका वास येत असेल तर ऋतूची वाट न पाहता झाड बाहेर काढावे, काळी पडून लिबलिबीत झालेली मुळे कापावीत, घट्ट व फिकट रंगाची राखावीत, आणि ते भरड मिश्रणात, शक्यतो वर्षभरासाठी खोल कुंडीत, लावावे. उरलेली हिरवी पाने छाटू नयेत, कारण नव्या मुळांसाठी लागणारी साखर आणि ऑक्सिन हे संप्रेरक तेथूनच येते. कुंडी उजेडाच्या पण उन्हापासून आडोशाच्या जागी ठेवून वर पारदर्शक पिशवी सैल घातली तर पानांतून होणारे बाष्पीभवन मंदावते, आणि वडवर्गीय झाडांना पारंब्या फोडायला लावणारा दमटपणाही मिळतो.

मुळे फुटण्यासाठी विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वयुक्त टॉनिकांवर विसंबण्याचे मात्र कारण नाही. ब-१ जीवनसत्त्वाचा बोलबाला १९३० च्या दशकात जेम्स बॉनर यांच्या प्रयोगांतून सुरू झाला; ते प्रयोग रोपापासून तोडून काचपात्रात वाढवलेल्या मुळांवरचे होते, तर अख्ख्या झाडात हे जीवनसत्त्व पानेच मुळांना पुरवतात, आणि अख्ख्या रोपांना त्याचा लाभ होत नाही हे पुढे खुद्द बॉनर यांनीच नोंदवले. खत तर या अवस्थेत अपायकारकच असते, कारण क्षारांनी दाट झालेले पाणी जखमी मुळांना ओढून घेणे अधिक जड जाते.

वडाच्या टोकावरचा कोंबाचा वेष्टनपदर गळून नवे पान उलगडले की झाड वाचले असे वाटते, पण हा पहिला बहर बऱ्याचदा खोडात साठवलेल्या स्टार्चवर निघालेला असतो आणि त्यावेळी मुळे अजून पुरती सावरलेली नसतात. ही पाने कडक होऊन, त्यांच्यामागून पालवीचा दुसरा हप्ता येतो तेव्हा मुळे काम करू लागल्याचे समजावे, आणि खताचा पहिला, सौम्य हात तेव्हाच द्यावा.